अम्मी आणि माझ्यातला दुरावा कोणी पेरला?

(शिरूर आणि दौंड इथे तरुणांच्या बैठकींत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता, 'घरगुती हिंसाचार आणि कायदा'. कायद्याबद्दल मी बोलणारच आहे. पण मी वकील नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि शिफ्ट सांभाळून, कुणा बाईला कोर्टात किंवा पोलीस ठाण्यात सोबत हवी असेल तर जातो. म्हणून आज सुरुवात कायद्याने नाही, माझ्या घरापासून करतो. अम्मीला विचारून आलोय. ती म्हणाली, "नाव नको घेऊस. बाकी जे झालं ते सांग."

माझा जन्म दौंडचा. अब्बांचं गॅरेज होतं. अम्मीचं माहेर इथलं, शिरूरचं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. संध्याकाळी गॅरेजवरून आले की अब्बा मला जवळ बसवायचे आणि विचारायचे, "आज तेरी माँ कहाँ गई थी? किससे बात की?" मी सांगायचो. सांगितलं की पाच रुपये मिळायचे. त्या काळात पोरासाठी पाच रुपये म्हणजे वडापाव खाऊन वर पैसे उरायचे. एक दिवस मी सांगितलं, अम्मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली होती, नानीला फोन करायला. मला पाच रुपये मिळाले. रात्री भिंतीपलीकडून आवाज आले. सकाळी अम्मीने माझा डबा भरला, पण एका हाताने. दुसरा हात तिला वर उचलता येत नव्हता.

तिने मला एक शब्द विचारला नाही. त्या दिवसापासून मी घरात शिरलो की ती बोलायची थांबायची. शेजारीण आलेली असली तरी थांबायची. मला वाटायचं, अम्मीला मी आवडत नाही.

दोस्तांनो, आजचा मुद्दा एवढाच आहे. घरात नवरा बायकोला मारतो, शिव्या देतो, कोंडतो, तेव्हा आपण म्हणतो, तो त्या दोघांचा मामला आहे, मुलांना काय कळतं. पण अशा घरात अनेकदा मूलच हत्यार असतं. बाईला मोडायचं असेल तर तिच्या अंगावर मारण्यापेक्षा तिच्या मुलाच्या नजरेतून तिला उतरवणं जास्त टिकतं. अंगावरचे वळ आठ-पंधरा दिवसांत जातात. नजरेतून उतरलेली आई वीस वीस वर्षं परत चढत नाही.

हे कसं होतं, ते मी पाहिलं तसं सांगतो.

पहिली रीत तुम्हाला सांगितली. मुलाला खबऱ्या करायचं.

दुसरी, हसवायचं. आमच्याकडे दस्तरखान अंथरला की अब्बा पहिला घास घेऊन म्हणायचे, "तेरी माँ को नमक का अंदाज आज तक नहीं आया." दादी हसायची, चाचा हसायचे. मीही हसायचो. हसलो नाही तर पुढची पाळी माझी असायची, हे नऊ वर्षांच्या पोरालाही कळतं. पण रोज हसता हसता ते खरंच वाटायला लागतं. बारा वर्षांचा होईपर्यंत मी अम्मीला "तुझे क्या समझता?" असं म्हणायला शिकलो होतो. आवाज माझा होता, वाक्य अब्बांचं.

तिसरी, आईचा वेळ तोडायचा. माझी बहीण लहान होती. रात्री रडली तर अम्मीने उठायचं नाही, असा हुकूम होता. "लाडाने बिघडते." मी तापाने फणफणलेलो असताना अम्मी माझ्याजवळ बसली, तर अब्बांनी दुसऱ्या खोलीतून हाक मारायची, चहा ठेव. चहा झाला की पाय दाब. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की मी आजारी होतो आणि अम्मी आली नाही. ती का आली नाही, हे मुलाला दिसत नाही. त्याला फक्त रिकामी जागा दिसते.

चौथी रीत सांगायला सगळ्यांत अवघड आहे. अम्मीनेही मला मारलं आहे. एकदा लाटण्याने मारलं. अब्बांच्या गाडीची काच माझ्या चेंडूने फुटली होती. अब्बा यायच्या आत तिने मला बडवलं, कारण मला शिक्षा झालेली दिसली तर ते पट्टा काढणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. हिशेब बरोबर निघाला. पण माझ्या मनात कोरलं गेलं ते लाटणं. न काढलेला पट्टा कुणाच्या लक्षात राहतो?

मी तेरा वर्षांचा असताना अम्मी घराबाहेर पडली. आधी जमातीतल्या दोन बुजुर्गांनी येऊन समजूत घातली होती. एका पोलीस ठाण्यात ती गेली, तिथे 'घरचं घरी मिटवा' म्हणून परत पाठवलं. मग एका सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. अब्बांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "बेटी को ले जा. बेटा मेरा है." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बोल, किसके साथ रहना है?" मनगट त्यांच्या हातात होतं. मी म्हणालो, "इथेच." अम्मी बहिणीला घेऊन गेली. त्या रात्रीपासून घरात एकच वाक्य होतं: तिने तुला टाकलं.

पुढची सहा वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. महिन्यातून एकदा ती शिरूरहून एसटीने यायची. न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंड. माझ्या शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन उभी राहायची. मी मागच्या बाजूने निघून जायचो. एका ईदनंतर तिने शीरखुर्मा आणला होता. पोरांसमोर लाज वाटली म्हणून मी डबा घेतला, आणि ती वळल्यावर गटारात ओतला. रिकामा डबा तिला परत दिला. तिला वाटलं मी खाल्ला. खूश होऊन गेली. हे मी तिला अगदी अलीकडे सांगितलं.

आता थोडं माझ्या घराच्या बाहेर येऊ.

माझं घर म्हणजे एकटं दुर्दैवी घर, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण बायकांसोबत कोर्टात जायला लागलो तेव्हा तेच तेच ऐकू आलं. न्हावऱ्याकडची बाई असो, कुरकुंभची असो, हिंदू असो, मुसलमान असो. "पोरगं माझ्याशी बापासारखंच बोलतं." "पोरगी म्हणते, तूच वाकडं बोलतेस म्हणून पप्पा मारतात." देशोदेशीच्या अभ्यासकांनीही हे लिहून ठेवलं आहे. अमेरिकेतले इव्हान स्टार्क यांनी २००७ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मांडलं की घरगुती हिंसा म्हणजे सुटे सुटे मारहाणीचे प्रसंग नसतात. पैसा, वेळ, फोन, माहेर, कपडे, सगळ्यावर रोजचा ताबा ठेवणं, हा तिचा गाभा. इंग्लंडमध्ये एमा कॅट्झ यांनी आया आणि मुलं, दोघांच्याही मुलाखती घेऊन दाखवलं की हा ताबा फक्त बाईवर नसतो, मुलांवरही तोच असतो. आईला मुलाशी खेळायला वेळ न देणं, आजीकडे जाऊ न देणं, हा त्याचाच भाग. तिकडे कायदाही बदलला. २०१५ साली असा ताबा ठेवणं हा गुन्हा ठरला, आणि २०२१ च्या कायद्याने असा अत्याचार पाहणारं, ऐकणारं, सोसणारं मूल हेही पीडितच आहे, असं मान्य केलं.

आपल्याकडचं एक नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, शायरा बानो. उत्तराखंडातल्या काशीपूरची ही बाई. २०१५ साली नवऱ्याने तिला तलाकनामा पाठवला. ती सुप्रीम कोर्टात गेली आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरला. या निकालावर आपण खूप भांडलो, बाजूने आणि विरोधात. टीव्हीवर महिनाभर तेच चालू होतं. पण तिचा मुलगा आणि मुलगी तेव्हा अलाहाबादला वडिलांकडे होती आणि ती त्यांच्यापासून तुटली होती, यावर किती बोलणं झालं? बाई निकाल जिंकली आणि मुलांपासून दूरच राहिली, असं होऊ शकतं. म्हणून मी म्हणतो, नवरा-बायकोचं काय झालं एवढंच विचारू नका. मुलांचं आणि आईचं काय झालं, तेही विचारा.

'मुलं ठेवून जा' ही आपल्या समाजात सर्रास चालणारी धमकी आहे. दीनच्या नावाने दिली जाते म्हणून बाई घाबरते. मदरशात शिकलेल्या मुलांना हे माहीत असेल: हनफी फिकहमध्ये हिजानत, म्हणजे लहान मुलाला सांभाळण्याचा पहिला हक्क, आईचा आहे. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. आणि कोर्ट १८९० च्या पालक कायद्याखाली मुलाचं हित कशात आहे, ते पाहतं. 'बेटा मेरा है' म्हणून मनगट धरायचा हक्क कुणालाही नाही.

आता कायदा. अम्मी घराबाहेर पडली तेव्हा हा कायदा नव्हता. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. 'आपल्याला शरियत आहे, तो कायदा आपल्याला नाही,' असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. खुला घेतलेली बाईसुद्धा आधी झालेल्या हिंसेसाठी या कायद्याखाली दाद मागू शकते, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली मुंबईच्या एका मुस्लिम बाईच्या खटल्यात सांगितलं आहे.

त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. हिंसा म्हणजे फक्त मार नाही. अपमान, टिंगल, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, पैसे अडवणं, हे सगळं त्यात येतं. बाईच्या जिवाभावाच्या माणसाला मारीन, अशी पुन्हा पुन्हा दिलेली धमकीसुद्धा हिंसा आहे. म्हणजे 'तू गेलीस तर पोराला तोडीन' हेही.

दोन. कलम २१ प्रमाणे मॅजिस्ट्रेट मुलांचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. वडिलांच्या भेटीने मुलाला इजा होईल असं वाटलं तर भेट नाकारूही शकतात. याला घटस्फोट झालेला असावा लागत नाही. तीन तलाक दिला असेल तर २०१९ च्या कायद्याच्या कलम ६ मध्येही अल्पवयीन मुलांच्या ताब्याची तरतूद आहे.

तीन. अर्ज बाई स्वतः करू शकते, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करू शकते, तिच्या वतीने दुसरं कुणी करू शकतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे मी पाहतो. पण तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो, तो मागायला विसरू नका.

चार. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाई आणि मूल, दोघांनाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन विचारा. बाईसाठी १८१, मुलासाठी १०९८, जीव धोक्यात असेल तर ११२.

इथे नेहमी एक प्रश्न येतो, म्हणून आधीच बोलतो. "भाई, आधीच आपल्यावर सगळ्यांची नजर आहे. घरातलं बाहेर काढलं तर समाजाची बदनामी." मी ही भीती खोटी मानत नाही. आपल्या घरांकडे बोट दाखवायला टपलेले लोक आहेत. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारपैकी एका बाईने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे. यात सगळे धर्म, सगळ्या जाती आल्या. हा काही आपलाच खास रोग नाही, आणि म्हणून झाकून ठेवायचं कारणही नाही. चौफुल्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, दुष्काळाच्या काळात, निराधार बायका आणि मुलींसाठी मुक्ती सदन उभं केलं. घर सुटलेल्या बाईला जागा लागते, हे आपल्या भागाला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. बदनामी बाई बोलल्याने होत नाही, जागा न मिळाल्याने होते. आईच्या पायाशी जन्नत असते असं मकतबमध्ये शिकवायचं, आणि त्याच आईला पोरासमोर बेअक्कल म्हणायचं, हे दोन्ही एका घरात बसत नाही.

कुणी असंही म्हणेल की आयाही मुलांचे कान भरतात. भरतात, तसंही होतं. मग एक साधी कसोटी लावा. त्या घरात कोण कुणाला घाबरतं? कुणाची चाहूल लागली की आवाज खाली येतात? उत्तर तिथेच मिळतं.

आता शेवटचं आणि माझ्यासाठी महत्त्वाचं. तुटलेलं जुळतं का?

मी एकोणीस वर्षांचा असताना रांजणगावला कामाला लागलो. राहायला खोली शिरूरला मिळाली. एक दिवस भाजीबाजारात मामू भेटले आणि हाताला धरून घरी घेऊन गेले. अम्मी दारात आली. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. ती म्हणाली, "जेवलास?" मी म्हणालो, "नाही." तिने वाढलं. एवढंच. पुढचं वर्षभर मी जायचो, जेवायचो, निघायचो. दोघांनाही बोलता येत नव्हतं.

पहिला शब्द मामूंच्या तोंडून आला. त्यांनी सांगितलं, अम्मी मला घ्यायला दोनदा दौंडला आली होती. दोन्ही वेळा अब्बांनी तिला दारातून परत पाठवलं होतं, मी आत असताना. मला सांगितलं गेलं होतं, कुणी भिकारीण आली होती. मी त्या रात्री झोपलो नाही. जे मी तिचं पाप समजत होतो, ते तिचं नव्हतंच.

मग हळूहळू आम्ही तांदूळ निवडता निवडता बोलायला लागलो. एका वेळी एकच आठवण. मी पाच रुपयांचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू पोरगा होतास." तिने लाटण्याचं सांगितलं आणि माफी मागितली. आईने माफी मागावी असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही, पण मला त्याची गरज होती हे मला ती बोलल्यावर कळलं.

माझ्या बहिणीची गोष्ट उलटी आहे. ती अम्मीपासून कधी दुरावली नाही, पण दहा वर्षांची असल्यापासून अम्मीची आईच झाली. रात्री अम्मी दचकून उठली की हिने पाणी द्यायचं. भाड्याचा हिशेब हिने करायचा. आज ती म्हणते, "मला अम्मीवर रुसताच आलं नाही कधी." हेही नुकसानच आहे. जवळ राहिलेल्या मुलांनाही किंमत मोजावी लागते, फक्त ती कुणाला दिसत नाही.

तुमच्यापैकी काहीजण आत्ता मान खाली घालून बसले आहेत. मी पाहतोय. नावं विचारणार नाही. ज्यांच्या घरी हे चालू आहे, त्यांना तीन गोष्टी सांगतो. मारामारी चालू असताना मध्ये पडून जीव धोक्यात घालू नका, लहान भावंडांना बाहेर काढा आणि फोन करा. घरात कुणी आईची टिंगल केली तर हसू नका. उलट बोलायची हिंमत नसेल तर नका बोलू, पण हसू नका. आणि कुणी विचारलं, आज ती कुठे गेली होती, तर सांगा, मला माहीत नाही.

ज्यांचं घर आधीच तुटलंय, त्यांना एवढंच. आईला "तू सहन का केलंस?" असं विचारू नका. त्याचं उत्तर बहुतेक वेळा तुम्हीच असता. "तेव्हा काय झालं होतं?" असं विचारा. ती आज सांगणार नाही. पुढच्या जुम्म्याला परत जा.

माझी अम्मी आता साठीला आलीय. आमचं बरं चाललंय. मी तिच्या हातचा शीरखुर्मा खातो, वाटी पुसून खातो. पण अजूनही ती फोनवर बोलत असताना मी खोलीत शिरलो की तिचा आवाज आपोआप खाली जातो. तिला कळतही नाही. मला कळतं. मी काही बोलत नाही. बाहेर जाऊन चपला वाजवतो, म्हणजे तिला कळावं की मी आलोय, आणि कान लावून उभा नाहीये.